जुनी पिकअप दुरुस्त करायला शिकताय? सुरुवात इंजिन उघडून करू नका

टोमॅटोचे क्रेट भरून रात्री गाडी निघते आणि निम्म्या वाटेत तापमानाचा काटा लाल पट्ट्यात जातो. बोनेट उघडावे तर वाफ. जवळचे गॅरेज सकाळी नऊला उघडणार आणि लिलाव त्याआधीच सुरू होणार. तडा गेलेला होज पाइप थोडक्या पैशात मिळतो, पण उशिरा पोहोचलेला माल मिळेल त्या भावाने द्यावा लागतो. जुनी पिकअप वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव एकदा तरी आलेला असतो.

अशा एखाद्या रात्रीनंतरच माणूस ठरवतो, की आता थोडे तरी काम आपल्याला यायला हवे. ठरवणे योग्यच आहे. फक्त नवशिका बहुधा इंजिनकडे वळतो आणि तिथेच फसतो. गाडी रस्त्यात उभी राहते ती बहुतेक वेळा पाणी, डिझेल, बॅटरी किंवा टायर यांपैकी कशाने तरी. या गोष्टी आणि ब्रेकची तपासणी एवढे पहिल्या वर्षात नीट शिकलात, तरी पुष्कळ खोळंबा वाचतो. यातल्या बहुतेक कामांना इंजिन उघडावे लागत नाही, डोळे आणि कान मात्र लागतात.

गाडीखाली जाण्याआधी

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकेसुद्धा घालू नका. चेसिसखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोडी, म्हणजे स्टँड लावा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक वापरू नका, ते वजनाखाली न सांगता फुटतात. आपल्या अंगणातली जमीन काळी आणि पावसाळ्यात भुसभुशीत असेल, तर जॅकखाली रुंद जाड फळी हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून दगडाची किंवा ठोकळ्याची उटी लावा.

हत्यारांसाठी मोठा खर्च करायची गरज नाही. ट्रॅक्टरसाठी घेतलेले रिंग पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि ग्रीस गन इथेही चालतात. त्यात एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. तो का, ते पुढे येईलच.

पाणी: सगळ्यात जास्त लक्ष इथे

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच उकळते पाणी थेट तोंडावर येते. गाडी तापली तर बंद करा, किमान अर्धा-पाऊण तास थांबा, मग झाकणावर ओले फडके टाकून हळूहळू फिरवा. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो.

आता कारण शोधायचे. ठिबक वापरणाऱ्यांना हे लवकर समजेल. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपर जसे चोंदतात, तशाच रेडिएटरच्या बारीक नळ्याही चोंदतात. वर्षानुवर्षे बोअरचे पाणी भरलेल्या गाडीच्या रेडिएटरमध्ये आतून क्षारांचा थर बसतो आणि पाण्यातली उष्णता बाहेर पडत नाही. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरावे. रस्त्यात नाइलाजाने साधे पाणी घातले तर चालते, पण घरी आल्यावर ते बदला. आणि ठिबकला आम्ल प्रक्रिया करतो म्हणून रेडिएटरमध्ये आम्ल ओतण्याचा प्रयोग करू नका, ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकते.

रेडिएटर बाहेरूनही चोंदतो. शेतरस्त्याची धूळ, भुसा आणि कीटक जाळीत अडकतात. बाजूने टॉर्च मारून बघा. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा आणि साधा पाइपच वापरा. फवारणीच्या एचटीपी पंपाच्या जोरदार धारेने पातळ पत्रे मुडपतात आणि मग हवा जायला जागाच राहत नाही.

गाडी कधी तापते यावरून बरेच कळते. हळू चालताना किंवा उभी असतानाच तापत असेल तर पंखा आणि फॅन बेल्ट बघा. इंजिन बंद ठेवून बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटीमीटर दबला पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना तापत असेल तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता जास्त. पाणी दर दोन-चार दिवसांनी कमी होते, पण गळती कुठेच दिसत नाही, अशी स्थिती असेल तर सावध व्हा. ऑइलची काडी काढून बघा, ऑइल दुधाळ दिसले तर पाणी आत जात आहे. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी सुरू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. हे काम नवशिक्याचे नाही. गाडी तशीच पुढे रेटू नका, गॅरेजला न्या.

अजून एक सवय आपल्याकडे सर्रास दिसते. गाडी तापली की थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकतात आणि ‘आता नाही तापणार’ म्हणून सांगतात. हा व्हॉल्व्ह साधारण ८० अंश सेल्सिअसच्या पुढे उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की इंजिनला योग्य तापमानावर यायला वेळ लागतो, डिझेल जास्त जाते, झीज वाढते आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. खराब असेल तर नवा बसवून घ्या.

डिझेल आणि हवा

डिझेलमध्ये पाणी मिसळणे हा पावसाळ्यातला नेहमीचा त्रास. शेतावर कॅनमध्ये साठवलेले डिझेल पिकअपमध्ये टाकत असाल तर जास्तच. बहुतेक डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी सोडायचा स्क्रू असतो. तो सैल करून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल घ्या आणि दहा मिनिटे ठेवा. पाणी खाली बसते, डिझेल वर राहते. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हे करावे.

टाकी पूर्ण रिकामी झाली किंवा फिल्टर बदलला की लाइनमध्ये हवा शिरते आणि सेल्फ कितीही मारला तरी गाडी सुरू होत नाही. अशा वेळी सेल्फ मारत राहून बॅटरी संपवू नका. जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअर स्क्रू थोडा सैल करून हातपंप दाबत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे कमी होतात, शेवटी सलग डिझेल येते. तेव्हा स्क्रू घट्ट करा.

पण आपली गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आधी ओळखा. कॉमन रेल इंजिन असेल तर फिल्टरजवळचा हातपंप दाबण्यापुरतेच थांबा. नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांमध्ये इंजिन चालू असताना हजार बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो. तिथले नट सैल केले तर डिझेलची धार कातडीतून आत घुसते. बाहेरून टाचणीएवढी जखम दिसते, पण ताबडतोब दवाखाना गाठला नाही तर बोट, हातही गमवावा लागतो. जुन्या ट्रॅक्टरवर शिकलेला माणूस सवयीने या नळ्या सैल करायला जातो, म्हणून मुद्दाम सांगतो.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात: काळा धूर वाढला आणि गाडी चढाला दमायला लागली तर तो आधी बघा. निळा धूर ऑइल जळत असल्याचा. गार सकाळी सुरुवातीला येणारा थोडा पांढरा धूर काळजीचा नाही. गाडी गरम झाल्यावरही येत राहिला तर आहे.

बॅटरी बदलण्याआधी मोजा

आमच्या घरच्या गाडीची गोष्ट सांगतो. एका हिवाळ्यात सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक’ आवाज यायचा. आधी बॅटरी नवी घेतली. पंधरा दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. मग सेल्फ खोलून दुरुस्त केला. तरी तेच. शेवटी कळले की इंजिनमधून चेसिसला जाणाऱ्या अर्थच्या जाड पट्टीचा बोल्ट गंजला होता. तो काढला, सँडपेपरने घासला, परत घट्ट केला. काम दहा मिनिटांचे होते. जुनी बॅटरी अजून वर्षभर सहज चालली असती.

म्हणून मल्टिमीटर. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर ती पूर्ण चार्ज आहे. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. गाडी सुरू केल्यावर १३.८ ते १४.४ यायला हवेत. तेवढे येत नसतील तर दोष चार्जिंगचा, बॅटरीचा नाही. सेल्फ मारताना व्होल्टेज १०च्या बरेच खाली कोसळले तर बॅटरी कमजोर. आणि व्होल्टेज चांगले टिकते, तरी सेल्फ फिरत नाही, तेव्हा केबल, अर्थ आणि सेल्फ या क्रमाने बघा.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवी भुकटी गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुवावी. त्यासाठी केबल सोडवताना आधी ऋण टर्मिनल काढा आणि जोडताना ते शेवटी जोडा. उलटे केले आणि पाना चुकून बॉडीला लागला तर मोठी ठिणगी पडते.

भरलेली गाडी खाली उतरते

नाशिक, पुणे, अहिल्यानगर भागातून मुंबईकडे जाणारा शेतमाल कसारा, माळशेज किंवा खंडाळ्याच्या घाटातून खाली उतरतो. म्हणजे भरलेली गाडी उतारावर असते आणि रिकामी गाडी चढते. गाडी दमते का हे आपण चढावर बघतो, पण जिवाचा प्रश्न उतारावर, ब्रेकचा असतो.

दर आठवड्याला ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी अचानक उतरली तर नुसते वरून भरू नका, गळती शोधा. चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का, रबरी नळ्यांना चिरा आहेत का, ते पाहा. पेडल स्पंजसारखे लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे. पेडलवर पाय दाबून ठेवल्यावर ते हळूहळू खाली जात असेल आणि गळती कुठेच नसेल, तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढत असेल तरी तशी गाडी भरून घाटात नेऊ नका.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नवे डॉट-३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. लांब उतारावर ब्रेक सतत तापले की असे जुने ऑइल उकळते, वाफ तयार होते आणि पेडल एकदम खाली जाते. त्यामुळे दोन वर्षांनी ते बदलावेच. इंजिन ऑइल किंवा दुसरे कोणतेही तेल त्यात घालू नका, रबराची वायसरे फुगतात. उतरताना ज्या गिअरमध्ये तोच घाट भरलेल्या गाडीने चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

ब्रेक शू बदलणे आणि हवा काढणे ही कामे पहिल्यांदा स्वतः एकट्याने करू नका. मिस्त्रीला तसे स्पष्ट सांगा, त्याच्या शेजारी बसा, निदान दोन चाके त्याच्या देखरेखीखाली स्वतः करा. रिकाम्या वेळी गेलात तर बहुतेक मिस्त्री आनंदाने शिकवतात. हंगामात शनिवारी संध्याकाळी गेलात तर कोण शिकवणार? ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

पाट्यांचे शॅकल आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला, जिथे निपल आहे तिथे, ट्रॅक्टरबरोबरच ग्रीस मारत जा. पुढच्या गिअरमधून रिव्हर्समध्ये टाकताना खालून ‘टक्’ आवाज आला तर क्रॉस बघा. पाट्यातले एखादे पान तुटले असेल तर गाडी एका अंगाला झुकलेली दिसते. त्यावर उपाय म्हणून जादा पाने टाकून जादा माल भरणारे पुष्कळ आहेत. पण पाने वाढवली म्हणून ब्रेक आणि टायर वाढत नाहीत.

गाडीत काय ठेवायचे

सीटमागे एका पिशवीत व्हील पाना, जॅक, फळीचा तुकडा, टॉर्च, फ्यूज, दोन होज क्लिप आणि बदलून काढलेला पण अजून धड असलेला फॅन बेल्ट ठेवा. पाच लिटर पाण्याचा कॅन असू द्या. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा बघा, ती नेमकी गरजेच्या वेळीच बसलेली सापडते. चाक बदलल्यावर नट समोरासमोरचे, आडवे-तिडवे घट्ट करावेत आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना लावून बघावेत.

एक वही डॅशबोर्डमध्ये ठेवा. तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती पाणी किंवा ऑइल घातले, एवढेच लिहायचे. व्यावसायिक नोंदणीच्या गाडीला आठ वर्षे झाली की दरवर्षी फिटनेस करून घ्यावे लागते. त्याच्या महिनाभर आधी ही वही घेऊन मिस्त्रीकडे जा आणि ‘गाडी बघून घ्या’ असे म्हणण्याऐवजी ‘तीन महिन्यांत चार लिटर पाणी लागले, गळती दिसत नाही’ असे सांगा.