पावसाळ्यात जपा घोड्याचे पाय

माथेरानमध्ये पर्यटकांना पाठीवरून नेणाऱ्या घोड्यांवर अनेक कुटुंबांची चूल पेटते. पावसाळ्यात मात्र लाल चिखलात सतत भिजून या घोड्यांच्या पायांची त्वचा मऊ पडते आणि ‘डर्मेटोफिलस’ या जिवाणूचा शिरकाव होतो. खुराच्या वर, मागच्या खोलगट भागात केस एकमेकांना चिकटून खपल्या धरतात. त्यांखाली ओलसर, लालसर जखम असते. पांढऱ्या पायांना हा त्रास अधिक संभवतो. गोलाकार चट्ट्यांत केस गळत असतील तर बुरशीची, घोडा सतत पाय आपटत असेल तर सूक्ष्म किडींची शंका घ्यावी.

कोरड्या खपल्या ओढून काढू नयेत. हातमोजे घालून त्या कोमट पाण्याने सैल कराव्यात, सौम्य क्लोरहेक्सिडीन लावून १० मिनिटांनी पाय धुवावा आणि स्वच्छ फडक्याने पूर्ण कोरडा करावा. ओल्या त्वचेवर मलम चोपडल्यास ओलावा आतच कोंडतो. तबेल्यातील कोरडी जमीन हा निम्मा उपचार होय.

पायाला सूज आल्यास किंवा घोडा लंगडू लागल्यास पशुवैद्यकांना त्वरित दाखवावे. एका दिवसाच्या कमाईसाठी दुखऱ्या पायाने घोडा चालविला, तर पुढील कित्येक दिवसांची कमाई बुडण्याची भीती असते.