चाखणारांचे शेरे व द्राक्षबागाईतदार

वाइनचे शोकीन एकत्र जमले म्हणजे अलीकडे उघडलेल्या बाटल्यांची हकीकत एकमेकांस सांगतात, व कित्येक ती टिपूनहि ठेवितात. कोणास जांभळाचा वास येतो, कोणास ओल्या मातीचा. एकास जी तुरट लागते ती दुसऱ्यास पातळ. हा रिकामटेकड्यांचा खेळ होय, असें आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. परंतु वाइनची किंमत या शेऱ्यांवर चढते व पडते, आणि ती चढउतार अखेर घडांच्या भावापर्यंत येऊन पोंचते. मद्यपानाची भलावण करण्याचा येथें हेतु नाहीं. ज्यांचीं द्राक्षें वाइनच्या कारखान्यांत जातात, त्यांनीं आपल्या मालावरचे शेरे वाचावयास शिकावें, एवढेंच सांगणें आहे.

प्रस्तुत लेखकाची नोकरी महसूल खात्यांत झाली. पैमाषींत जमिनीची प्रत आण्यांत ठरे, आणि एकदां कागदावर चढलेली प्रत सहसा हालत नसे. फ्रान्सांतील बोर्दो प्रांतांत १८५५ सालीं असाच प्रकार झाला. पॅरिसच्या प्रदर्शनाकरितां दलालांनीं तेथील नांवाजलेल्या तांबड्या वाइनचे पांच वर्ग लाविले. आधार मुख्यतः बाजारभावाचा. मातीची तपासणी कोणी केली नाहीं. ती प्रतबंदी आजहि चालू आहे, व तींत वर्ग चढवून मिळाला तो एकाच बागेस. शातो मूताँ रोथशिल्ड ही १९७३ सालीं दुसऱ्या वर्गांतून पहिल्यांत गेली.

अशा कागदी मानाची परीक्षा १९७६ सालीं झाली. पॅरिसांत दुकान चालविणारे इंग्रज व्यापारी स्टीव्हन स्पुरियर यांनीं २४ मे रोजीं नऊ फ्रेंच परीक्षकांपुढें दहा पांढऱ्या व दहा तांबड्या वाइन नांवें झांकून मांडल्या. कांहीं फ्रान्सच्या, कांहीं अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या. प्रत्येकीस वीसपैकीं गुण द्यावयाचे. एका परीक्षकानें घोट घेऊन आपण फ्रान्सांत परत आलों असें समाधान दर्शविलें. पेल्यांत होती ती कॅलिफोर्नियाची! पांढऱ्यांत शातो मॉन्टेलीना व तांबड्यांत स्टॅग्ज लीप पहिल्या आल्या. दोन्ही कारखाने कॅलिफोर्नियांतील नापा खोऱ्यांतले. वर्ग चढून तीन वर्षें झालेली मूताँ तांबड्यांत दुसरी आली. निकाल ऐकून एका परीक्षिकाबाईंनीं आपली गुणपत्रिका परत मागितली. सही झालेला पंचनामा परत मागण्यासारखेंच तें झालें. अर्थातच ती मिळाली नाहीं.

त्या दिवसाची एक गोष्ट आपल्या कामाची आहे. मॉन्टेलीनाच्या त्या वाइनचीं द्राक्षें कारखान्याच्या स्वतःच्या बागेंतील नव्हतीं. तीं शेतकऱ्यांकडून विकत घेतलेलीं होतीं, व त्यांतील मोठा भाग शेजारच्या सोनोमा भागांतला होता. त्या शेतकऱ्यांचीं नांवें बाटलीवर नव्हतीं.

तथापि गुणांच्या आंकड्यावर फार विसंबूं नये. कॅलिफोर्नियांतीलच एक वाइन-कारखानदार रॉबर्ट हॉजसन यांनीं तेथील राज्य-प्रदर्शनांत परीक्षकांस एकाच बाटलींतील वाइन न सांगतां तीन वेळां चाखावयास दिली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखांत असें निघालें कीं, तिन्ही वेळां सारखाच निवाडा देणारे दहांत सुमारें एकच. आमच्याकडे एकाच शेताची आणेवारी तीन वेळां करविली असती तर काय निघालें असतें, तें न बोललेलें बरें.

आंकडा सोडावा व शब्द घ्यावा. त्यांतहि जो शब्द वेलीपर्यंत मागें नेतां येतो, तोच घ्यावा. काबर्ने किंवा सोव्हिन्यों ब्लाँ या जातींच्या वाइनला हिरव्या ढोबळी मिरचीचा वास येतो असा शेरा आला, तर घड कच्चे तोडले गेले किंवा दाट पानांच्या सावलींत वाढले असें समजावें. मणी लहान असतांनाच घडांजवळचीं पानें विरळ करावीं. ‘सपक’ म्हटलें तर आंबटपणा गेला. गोडी छाटणीनंतरची तोडणी लांबून मार्च उजाडला कीं दिवस तापतात, रात्रीहि उबदार होतात, मण्यांतील आम्ल झपाट्यानें घटतें व साखर मात्र चढत राहते. केवळ साखर मोजून तोडणीचा दिवस ठरविणारा येथें फसतो. ‘पातळ’ हा शेरा खाण्याच्या द्राक्षांची संवय असलेल्या आपल्या नाशिककडील बागाईतदारांस विशेष लागू आहे. रंग व तुरटपणा सालींत असतो. मणी लहान असला म्हणजे रसाच्या मानानें साल अधिक. मणी फुगविण्याची व वेलीवर घडांची गर्दी ठेवण्याची जी रीत खाण्याच्या मालास भाव मिळवून देते, तीच येथें नडते.

ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र बागेच्या माथीं घेऊं नये. तो बहुधा बुचांतील दोषानें येतो, आणि त्यावरून कोणी पुढील सालचा भाव पाडूं लागल्यास मान्य करूं नये. शिरक्याचा आंबूस वास दोन्ही बाजूंनीं येऊं शकतो. घडांत फुटके मणी गेले असतील, किंवा कारखान्यांत पिंप अपुरें भरून ठेविलें असेल. म्हणून माल उतरवितांना घडांची स्थिति, तोडणीची वेळ, साखर व आम्ल हीं वजनपावतीवरच लिहवून घ्यावीं, व खालीं घेणाऱ्याची सही घ्यावी.