उताराची तालीम

मालमोटार चालविण्याची विद्या आपल्याकडे अद्यापि वस्तादाच्या शेजारी बसूनच मिळवावी लागते. कायद्याने या बाबतीत काही कसूर ठेवली आहे असे मात्र नव्हे. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाप्रमाणे परिवहन वाहन हाकण्याची परवानगी 20 वर्षांखालील इसमास नाही. हलक्या वाहनाचा परवाना निदान एक वर्ष बाळगल्यावाचून परिवहन वाहनाचा शिकाऊ परवानाही मिळत नाही. आणि 1989 च्या केंद्रीय नियमांत तर शिकाऊ इसमाच्या जोडीला परवानाधारक शिक्षक असावा, प्रसंगी गाडी ताब्यात घेता येईल वा थांबविता येईल अशा जागी तो बसलेला असावा, शिकवणीच्या शाळेतील गाडीला दुहेरी नियंत्रण असावे, अवजड वाहनाच्या उमेदवाराने 30 दिवसांच्या मुदतीत कमीत कमी 15 तास प्रत्यक्ष स्टेअरिंग हाती धरावे, अशी बारकाईने तरतूद केलेली आहे. परंतु शाळेच्या रिकाम्या गाडीवर सपाट रस्त्याने काढलेले ते 15 तास आणि हौद्यात अठरा टन साखर भरून मध्यरात्री घाट उतरण्याचा एक तास, यांमध्ये जे अंतर आहे ते भरून काढण्याचे काम नियमांच्या कक्षेबाहेर राहते, आणि ज्याच्याकडे ते आपोआप जाते तो वस्ताद. त्याला शिकविण्याचे वेतन नसते. मालकाच्या वहीत त्याचे नाव चालक म्हणून असते. शिष्याचे क्लीनर म्हणून, किंवा बहुधा नसतेच.

ज्या वस्तादांच्या हाताखाली मी पडलो त्यांचे नाव सांगण्याचे कारण नाही. कऱ्हाडाकडून साखर भरून मुंबईच्या बाजूला जाणारी त्यांची दहा टायरी गाडी होती, आणि त्या रस्त्यावरचा प्रत्येक ढाबेवाला त्यांना ओळखत असे. त्यांच्या अंगचे गुण प्रथम सांगितले पाहिजेत, कारण ते खोटे नव्हते. चढावर इंजिन गुदमरण्याच्या किंचित आधी गिअर खाली कसा आणावा, हे ते काट्याकडे न बघता केवळ कानाने ओळखीत. टामीने टायर ठोकून येणाऱ्या आवाजावरून कोणत्या जोडचाकातले आतले चाक हवेला कमी आहे ते सांगत. वळणावर मागची चाके पुढच्यांच्या वाटेने न जाता आतून कापून जातात, म्हणून कोपऱ्यावरच्या दुचाकीवाल्याला आरशात धरून ठेवावे आणि तो दिसेनासा झाला तर गाडी उभी करावी, ही गोष्ट मी त्यांच्याकडून शिकलो. ती कोणत्याही पुस्तकातून मला इतकी पक्की कळली नसती. ताडपत्रीची रस्सी कशी आवळावी, पावसात फाळक्याकडून पाणी आत कसे शिरते, वजनकाट्यावर कोणाशी किती बोलावे, सगळे त्यांनी हातचे न राखता दिले.

असा मनुष्य धोकादायक आहे हे नवशिक्याने ओळखावे कसे? येथे या तालमीची खरी अडचण सुरू होते. ज्याला शिकविता येत नाही तो शिक्षक लवकर उघडा पडतो. पण ज्याला नऊ गोष्टी उत्तम येतात आणि दहावी जो जिवावर बेतेल अशा रीतीने करतो, त्याच्या त्या नऊ गोष्टींचे तेज दहावीवरही पडते. त्यातून वस्तादांच्या हातून इतक्या वर्षांत मोठा अपघात झालेला नव्हता. त्यांच्या दृष्टीने हा त्यांच्या रीतीचा पुरावा होता. शिष्याला तर दुसरा पुरावा मागण्याची सोयच नव्हती, कारण तुलना करायला त्याने दुसरा वस्ताद पाहिलेला नसतो. आपली भीती ही धोक्याची सूचना आहे की केवळ आपला कच्चेपणा, हे ठरविण्याची तराजूही ज्याची भीती वाटते त्याच्याच हातात असते.

ती दहावी गोष्ट म्हणजे उतार. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा ओलांडला की इंग्रजी एस अक्षरासारखे वळण घेत रस्ता खाली येतो. पुढे खेड शिवापूर मागे टाकून कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडले की दरी पुलावरून नवले पुलाकडे लांबच लांब उतार लागतो. आणि पुण्यापलीकडे, मुंबईच्या वाटेवर, बोरघाट आहेच. या तिन्ही ठिकाणी वस्ताद गाडी न्यूट्रलवर टाकीत, आणि रस्ता मोकळा दिसला तर कधीकधी इंजिनही बंद करीत. यामागे हौस नव्हती, हिशेब होता. मालक फेरीला डिझेल मोजून देई आणि त्यातून वाचेल ते चालकाचे, अशी वहिवाट होती. म्हणजे उतार हा वस्तादांच्या लेखी रस्त्याचा भाग नसून उत्पन्नाचा भाग होता.

या हिशेबातली लबाडी समजण्यासाठी उतारावर काय घडते ते नीट पाहिले पाहिजे. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा चाके इंजिनाला फिरवितात आणि इंजिन चाकांना मागे ओढते. वेगाचा बराचसा भार तेथेच जिरतो, आणि पायाखालच्या ब्रेकला फक्त उरलेले काम करावे लागते. गाडी न्यूट्रलवर गेली की तो सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर ड्रमला घासून तापतात, तापल्यावर त्यांची पकड कमी होते, पकड कमी झाली म्हणून चालक अधिक जोराने दाबतो आणि ते आणखी तापतात. वेग दुप्पट झाला तर जिरविण्याची ऊर्जा चौपट होते, हे गणित ड्रमला कोणी समजावून सांगावे लागत नाही. दुसरी गोष्ट हवेची. या गाड्यांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. प्रत्येक दाबणीला टाकीतली थोडी हवा खर्च होते आणि इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर ती भरून काढतो. इंजिन मंद चालत असेल तर भरणा मंदावतो. बंद असेल तर थांबतो, आणि त्याबरोबर स्टेअरिंगची मदतही जाते. हवा फारच उतरली म्हणजे मागच्या चाकांवरचे स्प्रिंग-ब्रेक आपोआप आवळतात खरे, पण भरल्या गाडीला भर उतारावर अशा रीतीने आवळले जाणे ही सुटका म्हणता येणार नाही.

आणि एवढे करून वाचते किती? गाडी गिअरमध्ये असून पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असेल तर आजच्या इंजिनात डिझेल जाणेच बंद होते. न्यूट्रलवर मात्र इंजिन नुसते चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते. तीव्र उतारावर, जेथे कसाही करून ब्रेक लावावाच लागतो तेथे, न्यूट्रलने वाचते थोडे आणि लायनरपोटी जाते फार. 20 नोव्हेंबर 2022 रोजी नवले पुलाजवळ एका मालमोटारीने डझनावारी वाहनांना धडका दिल्या, तेव्हा ती गाडी न्यूट्रलवर उतरत होती असेच प्राथमिक तपासातून पुढे आले. वस्तादांनी ती बातमी ऐकली होती. त्यांचे मत असे की त्या चालकाला उतरविता येत नव्हते.

याच बोरघाटात 1863 मध्ये आगगाडी सुरू झाली. उतरणाऱ्या आगगाड्यांसाठी तेथे चढाच्या दिशेने जाणारे आंधळे फाटे काढलेले आहेत. गाडीने ठरल्या जागी थांबून दाखविले तरच पुढचा मार्ग खुला होतो, आणि न थांबलेली गाडी फाट्यावर चढून अडकते. इंजिनचालक कितीही निष्णात असला तरी त्याच्या शब्दावर घाट सोडलेला नाही. शेजारून जाणाऱ्या रस्त्यावर मात्र सर्व भिस्त शब्दावरच.

मला प्रथम जाग आली ती हवेच्या काट्याने. दरी पुलाच्या अलीकडे वस्ताद गप्पा मारीत एकसारखे ब्रेक टिपीत होते आणि आठाच्या आसपास राहणारा काटा पाचाकडे सरकत होता. ही वस्तू माझ्या भित्रेपणावर अवलंबून नव्हती. तेव्हापासून मी स्वतःशी एक शिस्त धरली, आणि आज कोणी शिकाऊ मनुष्य विचारील तर मी त्याला तीच सांगेन: वस्ताद चांगला की वाईट याचा निवाडा करीत बसू नये, काटा किती, गिअर कोणता, ड्रमचा वास येतो का, आणि हा मनुष्य शेवटचा झोपला कधी, एवढ्यांवर नजर ठेवावी.

झोपेची बाब वेगळीच होती. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली होती, पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांतीही सांगितली होती. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होई, आणि ज्याच्या पदरी एकदोन गाड्या आहेत असा मालक त्यातून निसटे. निसटलेले तास मग शिष्याच्या अंगावर येत. शिष्याच्या हाती स्टेअरिंग देऊन वस्ताद मागच्या बाकावर आडवे होत, आणि शेजारी बसून गाडी थांबविता येईल असा जो शिक्षक नियमांना अभिप्रेत आहे तो घोरत असे. एकदा मी गाडी मोकळी जागा पाहून कडेला घेतली, चारी इशारादिवे लावले आणि त्यांना उठविले. ते संतापले. मी म्हटले, "वस्ताद, तुम्ही झोपा, गाडीपण झोपू दे. दोघं उठलात की निघू." ते हसले, ही त्यांची चांगली बाजू, पण पुढल्या फेरीला पुन्हा आडवे झाले.

चालत्या गाडीत वाद घालायचा नाही, हे मी ठरविले होते. वाद घालणाऱ्या दोघांपैकी एकाचे लक्ष रस्त्यावरून उडते, आणि बहुधा ज्याच्या हाती चाक आहे त्याचेच. म्हणून खेड शिवापूरच्या ढाब्यावर, चहा पिऊन झाल्यावर, मी विषय काढला. "वस्ताद, बोगद्यापुढं मी गिअरातच उतरवणार. पटत नसेल तर तेवढा उतार तुम्ही चालवा, मी डावी बाजू बघतो."

"गिअरात उतरवल्यावर डिझेल काय तुझा बाप भरणार?"

"माझ्या वाट्याच्या भत्त्यातून कापा."

"काप म्हणे! शिकलेलं पोर म्हणून घेतलं गाडीवर, तर हे मलाच शिकवायला लागलं." असे म्हणून त्यांनी चावी माझ्या अंगावर टाकली. ही संमती आहे असे मी समजलो.

बोगद्यातून बाहेर येईपर्यंत सर्व ठीक होते. गाडी खालच्या गिअरमध्ये रेटा धरून, एग्झॉस्ट ब्रेकच्या घुमत्या आवाजात, डाव्या पट्ट्यातून उतरत होती. मागचे लोक हॉर्न वाजवीत होते, आणि त्यांना वाजवू देणे हेही शिकण्याचेच काम आहे. तेवढ्यात वस्तादांनी हात लांब केला आणि गिअरचा दांडा ओढून न्यूट्रलवर आणला. "अशी उतरते गाडी. बघ." क्षणभर इंजिनाचा आवाज पडला आणि गाडी हलकी झाल्यासारखी पुढे निघाली. वेग एकदा वाढला म्हणजे खालचा गिअर पुन्हा पडत नाही, दात नुसते किरकिरतात. म्हणून वेग वाढण्याच्या आतच जे काय करायचे ते करावे लागते. टिपूनटिपून हवा न घालविता मी ब्रेक एकसारखा आणि ठाम दाबून धरला, वेग पुरेसा पडल्यावर क्लच दोनदा मारून गिअर घातला, आणि पुढे रुंद जागा मिळताच गाडी कडेला उभी केली. वस्ताद बोलत होते. मी इंजिन बंद केले, हँडब्रेक ओढला, खाली उतरून चाकांखाली दगड लावले आणि चावी त्यांच्या हातात दिली. अपशब्द एकही काढला नाही. तेथून पुढे मी त्या गाडीवर बसलो नाही.

खरी परीक्षा नंतर कचेरीत झाली. वस्तादाविरुद्ध फिर्याद करणारा क्लीनर हा आमच्या धंद्यात बेइमान समजला जातो, आणि व्यवस्थापकाचे पहिले उत्तरही अपेक्षेप्रमाणेच होते: गाडी वेळेवर पोचते, अ‍ॅव्हरेज देते, मनुष्य जुना आहे. वस्तादांच्या स्वभावाविषयी मी चकार शब्द बोललो नाही. तारीख, ठिकाण, कोणाच्या हाती चाक होते, दांडा कोणी ओढला, एवढा मजकूर कागदावर लिहून दिला, आणि त्या गाडीचे लायनर गेल्या वर्षात इतर गाड्यांच्या मानाने किती वेळा बदलले ते खर्चाच्या वहीत पाहावे अशी विनंती केली. वही उघडली गेली. माणसाच्या जिवाची गोष्ट ज्या टेबलावर ऐकली जात नव्हती तेथे लायनरची बिले लक्षपूर्वक वाचली गेली. याचा राग मानावा की उपयोग करावा, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी उपयोग केला.

मला दुसऱ्या गाडीवर पाठविले. तेथील वस्ताद अबोल होते, ताडपत्री बांधण्यात ढिले होते आणि टायरचा आवाज त्यांना बिलकूल कळत नसे; पण उतार लागण्यापूर्वी ते गिअर खाली घेत, आणि झोप आली की सरळ सांगत, "आता मला दिसंना, लाव बाजूला." पहिल्या वस्तादांना समज देण्यात आली, त्यांची गाडी त्यांच्याकडेच राहिली आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या शेजारी नवा पोरगा बसलेला मी पाहिला. त्याला मी एका पंपावर गाठून हवेचा काटा दाखविला. याहून अधिक माझ्या हाती काही नव्हते.

ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापुढे मागणे ठेवतो. वाहतूकदारांनी शिकाऊ मनुष्य गाडीवर असेल त्या फेरीपुरती तरी वाचलेल्या डिझेलची कमाई बंद करावी आणि तितकीच रक्कम वस्तादाला शिकविण्याचा मेहनताना म्हणून उघडपणे द्यावी. त्या फेरीला पोचण्याची वेळ सैल ठेवावी. आणि शिकाऊ इसमाचे नाव, त्याच्या परवान्याच्या क्रमांकासह, वहीत लिहावे, म्हणजे त्याला तक्रार करायची झाल्यास निदान तो कोण आहे हे कचेरीला ठाऊक असेल.