सावकाश डार्विन, झपाट्याचा वॉलेस

निष्कर्ष माणसाच्या आवडीनिवडीवर ठरत नाहीत, ही विज्ञानाची खरी ताकद. पण त्या निष्कर्षापर्यंत जाण्याची चाल मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावाची असते. रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १९०९ साली थोर शास्त्रज्ञांवरच्या आपल्या पुस्तकात दोन प्रकृती सांगितल्या. एक अभिजात, म्हणजे संथ, काम पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेणारी. दुसरी रोमँटिक, म्हणजे चटकन सुचणारी आणि चटकन सांगून टाकणारी. या विभागणीची परीक्षा पाहायला डार्विन आणि वॉलेस या निसर्गअभ्यासकांइतकी चांगली जोडी नाही, कारण दोघांना सुचले ते एकच. नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि वाढतात ही कल्पना डार्विनला १८३८ मध्ये सुचली. १८४४ पर्यंत तिच्यावर सुमारे २३० पानांचा निबंध तयार होता. तो त्याने बाजूला ठेवला आणि खडकांना, बोटींच्या तळांना चिकटून राहणारे बार्नेकल हे चिमुकले जीव कापून तपासण्यात आठ वर्षे घालवली. वॉलेसला तीच कल्पना १८५८ मध्ये मलुकू बेटांवर, तापाने फणफणलेला असताना सुचली. दोन-तीन संध्याकाळींत त्याने ती कागदावर उतरवली आणि थेट डार्विनलाच धाडून दिली.

यावर कोणी म्हणेल, हा स्वभावाचा नव्हे, पैशाचा फरक. डार्विन सधन घरातला, तर वॉलेस किडे-पक्षी जमवून, विकून पोट भरणारा. आक्षेप वजनदार आहे, पण पुरा नाही. पैशाने सवड मिळते. त्या सवडीचे काय करायचे, हे पैसा सांगत नाही. आपल्या मताविरुद्ध जाणारी गोष्ट दिसली की डार्विन ती लगेच टिपून ठेवी, कारण अशाच गोष्टी लवकर विसरल्या जातात हा त्याचा अनुभव होता. ही सवय श्रीमंतीतून येत नाही. दुसरा आक्षेप असा, की दोघे एकाच ठिकाणी पोचले, मग स्वभावाने काय बिघडले? माझ्या मते, बरेच काही घडले. वॉलेसचे पत्र आले नसते तर डार्विन आणखी कितीतरी वर्षे लिहीतच बसला असता. आणि डार्विनने वीस वर्षे पुरावे साठवले नसते, तर या सिद्धान्तावरच्या त्याच्या १८५९ च्या ग्रंथाला विरोधकांपुढे उभे राहणे जड गेले असते. अर्थात हे साचे पक्के नाहीत. झपाट्याच्या वॉलेसनेच प्राण्यांच्या भौगोलिक विभागणीवर १८७६ मध्ये दोन जाडजूड खंड लिहिले. आणि १८८९ मध्ये त्याने याच सिद्धान्तावर पुस्तक काढले, तेव्हा त्याला नाव दिले ‘डार्विनिझम’.