अर्नेस्ट एव्हरेट जस्ट

अर्नेस्ट एव्हरेट जस्ट (१४ ऑगस्ट, १८८३ - २७ ऑक्टोबर, १९४१) हे आफ्रिकन-अमेरिकन जीवशास्त्रज्ञ, प्राध्यापक आणि ओमेगा साय फाय या विद्यार्थी बंधुसंघाच्या चार संस्थापकांपैकी एक होते. सागरी प्राण्यांच्या अंडपेशींचे फलन आणि पेशीपृष्ठाचे कार्य यांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात.

सुरुवातीचे जीवन आणि शिक्षण

जस्ट यांचा जन्म अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. आई मेरी या शिक्षिका होत्या. कुटुंबाच्या निर्वाहासाठी त्यांनी जेम्स बेटावरील फॉस्फेटच्या खाणींतही काम केले. तेथे त्यांच्या पुढाकाराने वसलेल्या वसाहतीला मेरीव्हिल हे नाव मिळाले. ऑरेंजबर्ग येथील शिक्षणानंतर जस्ट उत्तरेकडील न्यू हॅम्पशायर राज्यातील किंबॉल युनियन अकॅडमीत दाखल झाले. १९०७ मध्ये त्यांनी डार्टमथ महाविद्यालयातून विशेष प्रावीण्यासह पदवी घेतली. मात्र, गौरवर्णीयांच्या विद्यापीठांत कृष्णवर्णीय पदवीधरांना प्राध्यापकपद मिळणे तेव्हा जवळजवळ अशक्य होते. त्याच वर्षी ते वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापक म्हणून रुजू झाले. पुढे ते जीवशास्त्राकडे वळले आणि १९१२ मध्ये प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले.

ओमेगा साय फायची स्थापना

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे बंधुसंघ फ्रॅटर्निटी म्हणून ओळखले जातात. त्यांची नावे बहुधा ग्रीक अक्षरांवरून ठेवलेली असतात आणि शिक्षण संपल्यावरही सदस्यांचे नाते टिकून राहते. विसाव्या शतकाच्या आरंभी जुन्या फ्रॅटर्निटींत कृष्णवर्णीयांना सहसा प्रवेश नसे.

१७ नोव्हेंबर, १९११ रोजी एडगर लव्ह, ऑस्कर कूपर आणि फ्रँक कोलमन हे तीन विद्यार्थी हॉवर्डच्या विज्ञान इमारतीतील जस्ट यांच्या कार्यालयात जमले आणि जस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली ओमेगा साय फायची स्थापना झाली. पौरुष, विद्वत्ता, चिकाटी आणि समाजाची उन्नती ही तिची चार मूलतत्त्वे ठरली. मैत्री ही आत्म्यासाठी अत्यावश्यक आहे, अशा अर्थाचे तिचे बोधवाक्य आहे. विद्यापीठ प्रशासनाचा राष्ट्रीय स्वरूपाच्या संघटनेला आरंभी विरोध होता. तो मावळल्यावर १९१४ मध्ये संघटनेची अधिकृत नोंदणी झाली. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी चालवल्या जाणाऱ्या विद्यापीठात स्थापन झालेली ही पहिली पुरुष फ्रॅटर्निटी मानली जाते. रक्तसाठवणीवर संशोधन करणारे डॉक्टर चार्ल्स ड्र्यू आणि कवी लँग्स्टन ह्यूज हे तिचे सदस्य होते.

संशोधन

१९०९ पासून सुमारे वीस उन्हाळे जस्ट यांनी मॅसेच्युसेट्समधील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत काम केले. शुक्राणू अंडपेशीला भिडताच तिच्या पृष्ठभागावर एक बदल झपाट्याने पसरतो आणि त्यामुळे इतर शुक्राणूंना प्रवेश मिळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. पेशीचे पृष्ठ हे निष्क्रिय आवरण नसून ते पेशीच्या विकासात सक्रिय भाग घेते, असे त्यांचे मत होते. प्रयोगासाठी वापरायची अंडी नैसर्गिक स्थितीच्या शक्य तितकी जवळ ठेवावीत यावर त्यांचा कटाक्ष असे. १९१५ मध्ये त्यांना पहिले स्पिनगार्न पदक मिळाले. १९१६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली.

युरोपातील वास्तव्य

डॉक्टरेट आणि नावलौकिक मिळूनही अमेरिकेतील मोठ्या संशोधन विद्यापीठांची दारे त्यांना वर्णभेदामुळे बंदच राहिली. हॉवर्डमध्ये अध्यापनाचा भार मोठा आणि संशोधनाची साधने अपुरी होती. त्यामुळे १९२९ पासून ते युरोपकडे वळले. नेपल्स येथील प्राणिशास्त्र केंद्र, बर्लिनमधील कैसर विल्हेल्म संस्था आणि पुढे फ्रान्समधील प्रयोगशाळांत त्यांनी संशोधन केले. १९३९ मध्ये पेशीपृष्ठाच्या जीवशास्त्रावरील त्यांचा प्रमुख ग्रंथ प्रसिद्ध झाला.

मृत्यू आणि वारसा

१९४० मध्ये जर्मनीने फ्रान्सवर आक्रमण केल्यानंतर जस्ट यांना काही काळ नजरकैदेत ठेवण्यात आले. सुटकेनंतर ते त्याच वर्षी अमेरिकेत परतले. २७ ऑक्टोबर, १९४१ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. १९८३ मध्ये केनेथ मॅनिंग यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रकाशित झाले आणि त्यांच्या उपेक्षित कार्याकडे नव्याने लक्ष वेधले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.