ईलचे पोट: आधी अधाशी, मग उपाशी

मानसशास्त्रात नाव कमावण्याच्या बऱ्याच आधी, १८७६ साली, सिग्मंड फ्रॉइड नावाचा वैद्यकीय विद्यार्थी ट्रिएस्टेच्या सागरी केंद्रात एकामागून एक ईल मासे चिरत बसला होता. सुमारे चारशे ईल त्याने तपासले. शोध होता नराच्या वृषणांचा. ठाम असे काही हाती लागले नाही, आणि त्याचे कारण त्याच्या सुरीत नव्हते, माशाच्या पोटात होते. ईलचे आतडे भरात असते तेव्हा त्याची जननेंद्रिये जेमतेम दिसतात. ती वाढू लागतात तेव्हा आतडे आवरते घेतले जाते.

युरोपातल्या नद्यांत राहणारा हा ईल सापासारखा लांब आणि बुळबुळीत. आपल्या कोकणातल्या नद्यांत सापडणारा अहिर याच कुळातला. (बाजारातली वाम समुद्रातली, ती निराळी.) तो दिवसा बिळात किंवा दगडाच्या कपारीत पडून राहतो आणि रात्री बाहेर पडतो. डोळ्यांपेक्षा नाकावर त्याची भिस्त अधिक. किड्यांच्या अळ्या, गांडुळे, गोगलगायी, झिंगे, छोटे मासे, बेडूक, जे मिळेल ते तो खातो. लहान भक्ष्य पाण्यासकट ओढून घेतो, त्याहून मोठे असले तर पकडून झटकतो. पण तोंडात मावणार नाही असे काही सापडले, तर त्याचा लचका दातांत धरून तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि तुकडा पिळून काढतो. अमेरिकन ईलच्या बाबतीत सेकंदाला चौदापर्यंत गिरक्या मोजल्या गेल्या आहेत. एकाच नदीत काही ईल रुंद डोक्याचे आणि काही निमुळत्या डोक्याचे दिसतात. रुंद डोक्याच्यांच्या आहारात माशांचे प्रमाण जास्त असते.

आतली रचना मांसाहाऱ्याला शोभेल अशी. लांब अन्ननलिका, मग इंग्रजी वाय अक्षरासारखे जठर, ज्याची एक बाजू बंद पिशवीसारखी असते. मोठा घास तिथे पडून राहू शकतो, आम्ल आणि पाचक रस सावकाश काम करतात. त्यापुढचे आतडे आखूड आणि जवळजवळ सरळ. आपल्यासारखी वेटोळी नाहीत. अनेक माशांच्या जठराच्या तोंडाशी बोटांसारख्या आंधळ्या नळ्या असतात, त्याही इथे नाहीत. गवत पचवणाऱ्याला लांब आतडे लागते. मांस खाणाऱ्याचे काम आखडत्या मापात भागते.

अशी काही वर्षे, कधी दशके गेल्यावर हा पिवळसर मासा रुपेरी होतो. डोळे मोठे होतात, खाणे थांबते, जठर आणि आतडे आक्रसू लागते. मग सुरू होतो सारगासो समुद्रापर्यंतचा पाच-सहा हजार किलोमीटरचा प्रवास, तोही उपाशीपोटी. इंधन म्हणजे अंगातली चरबी. ती वजनाच्या वीस ते तीस टक्के असू शकते.

रुग्णाला बरेच दिवस तोंडाने काही दिले नाही, सगळे पोषण शिरेतून दिले, तर त्याच्याही आतड्याचे अस्तर झिजते. म्हणूनच अतिदक्षता विभागात आम्ही शक्य तितक्या लवकर नळीवाटे पातळ आहार सुरू करतो. आपल्याकडे जो बिघाड, तो ईलकडे ठरलेला कार्यक्रम.

मात्र आतडे पूर्ण निवृत्त होत नाही. खाऱ्या पाण्यात शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, म्हणून ईलला समुद्र प्यावा लागतो. अन्ननलिका त्या पाण्यातले बरेचसे मीठ काढून घेते. पुढे आतडे क्षार शोषते, त्यामागोमाग पाणी आत येते, आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकले जाते. क्षारांमागून पाणी जाते, हेच तत्त्व जुलाब झालेल्या बाळाला आपण देतो त्या मीठ-साखर-पाण्यामागेही आहे. तिथे सोडियमला साखरेचा हात लागतो एवढाच फरक. ईलच्या आतड्यातली क्षार आत घेणारी एक यंत्रणा तर आपल्या मूत्रपिंडातल्या यंत्रणेची सख्खी बहीण आहे. सूज उतरवायला देतो ती फ्युरोसेमाइडची गोळी मूत्रपिंडात तीच अडवते.

एक सूचना मात्र डॉक्टर म्हणून करतोच. ईलच्या कच्च्या रक्तात विषारी प्रथिन असते, डोळ्यात गेले तरी आग होते. शिजवल्यावर ते निकामी होते. जपानमध्येही ईल भाजूनच खातात. ताकदीसाठी कच्चे रक्त प्या असे कोणी सुचवले तर ऐकू नका.

युरोपीय ईल आज अतिधोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. नद्यांच्या मुखाशी येणाऱ्या पारदर्शक पिल्लांची संख्या १९८०च्या दशकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. बंधारे, जलविद्युत केंद्रांची पाती, बेसुमार मासेमारी, प्रदूषण, परदेशातून आलेला वाताशयातला कृमी, अशी कारणे एकात एक गुंतलेली आहेत. यातले बंधाऱ्याचे गणित आपल्या अहिरालाही लागू आहे, कारण त्याचीही वीण समुद्रात होते. भिंतीच्या वरच्या अंगाला तो खाऊनपिऊन लठ्ठ होईल, रुपेरीही होईल, आणि पोट मिटून घेतल्यावर त्याला पुढे जायला वाट नसेल.