घरच्या घरी ध्वनिमुद्रण

मुलांनो, एखादी गझल किंवा कव्वाली घरीच ध्वनिमुद्रित करावी, असे तुम्हांला वाटते ना? त्यासाठी संगणकावर सॉफ्टवेअर लागते. महागड्या सॉफ्टवेअरची चोरटी प्रत कोणीतरी फुकट देतो. पण तिच्याबरोबर व्हायरस आला, तर तुमची गाणीही नष्ट होऊ शकतात. 'ऑडॅसिटी' मात्र फुकट असूनही कायदेशीर आहे. १९९९ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात त्याचे काम सुरू झाले. ते वापरण्याची आणि त्याच्या प्रती वाटण्याची परवानगी कर्त्यांनीच दिली आहे. ते अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

ध्वनिमुद्रण सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद गप्प राहा आणि मग गा. तो गप्प भाग निवडून पंख्याची घरघर कशी असते, ते ऑडॅसिटीला दाखवा. मग साऱ्या गाण्यातील घरघर कमी करता येते. पंखाच बंद केलात, तर उत्तम!